मेणातला हर्षद

"घरात कुणाला लहान वयात मेंदूत रक्तस्राव झाला होता का? फिट्स, एका बाजूचा अशक्तपणा, अचानक मृत्यू?"

डॉ. नसरीन तांबोळींनी प्रश्न तिघांकडे बघून विचारला, पण उत्तर उज्ज्वलाकडून यायचं होतं. विश्वजितचे वडील पाच वर्षांपूर्वी वारले होते. पिसाळांच्या घरातलं जुनं काही सांगू शकेल अशी आता तीच एकटी उरली होती.

"नाही," उज्ज्वला म्हणाली.

"माझा थोरला भाऊ लहानपणी गेला," विश्वजित म्हणाला. "पण तो अपघात होता. कराडला नदीच्या घाटावर पडला, डोक्याला दगड लागला. तो दहा वर्षांचा होता, मी पाच."

डॉक्टरांनी समोरच्या पडद्यावर 'अपघात' एवढाच शब्द लिहिला आणि पुढच्या ओळीकडे वळल्या. उज्ज्वलाने पदर हातात घट्ट धरला. शेजारी बसलेली सून ईश्वरी तिच्याकडे बघतही नव्हती. ती भिंतीवरच्या चित्राकडे बघत होती.

चित्र तिच्याच पोटातल्या बाळाच्या मेंदूचं होतं. पंचवीस आठवडे आणि एक दिवस. सोललेल्या अक्रोडासारखा राखाडी आकार आणि त्यात, डाव्या बाजूला खोलवर, तिळाएवढा काळा ठिपका.

"हा ठिपका म्हणजे रक्त," डॉक्टर म्हणाल्या. "अगदी थोडं, पाझरलेलं. आता का पाझरलं ते सांगते. आपल्या रक्तवाहिन्यांना आतून पेशींचं अस्तर असतं. फरशी बसवावी तशा त्या पेशी एकीला एक चिकटून असतात. बाळाचा मेंदू वाढत असताना शेकडो नव्या वाहिन्या फुटतात. तेव्हा प्रत्येक पेशीला दोन आज्ञा मिळत असतात. एक, वाढ. दुसरी, आता थांब आणि शेजारणीला घट्ट धर. ही दुसरी आज्ञा देणारी काही जनुकं आहेत. त्यातल्या एकाचं नाव क्रिट-वन. ते बिघडलं की थांबायची आज्ञा पोचत नाही. वाहिनी फुगत राहते, पेशींची पकड सुटते आणि तुतीच्या फळासारखा पातळ भिंतींचा गुच्छ तयार होतो. तो कधी पाझरतो, कधी फुटतो. काहींचा ऐंशी वर्षं फुटत नाही."

"आणि ते बिघाड झालेलं जनुक माझ्यात आहे," विश्वजित म्हणाला. गेल्या आठवड्यात दोघांचंही रक्त घेतलं होतं.

"तुमच्या क्रिट-वनमध्ये एक अक्षर बदललेलं आहे. बाळातही तेच आहे. पण अडचण अशी की हा बदल आजवर कुठेच नोंदलेला नाही. असे बदल प्रत्येकात असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. शब्दातली वेलांटी ऱ्हस्वची दीर्घ झाली तरी अर्थ कळतो, तसं. हा बदल त्यातला आहे की अर्थच बिघडवणारा, ते मला सांगता येत नाही. हा ठिपका दुसऱ्या एखाद्या कारणानेही असू शकतो."

"पण औषध आहे ना?" ईश्वरीने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

औषध होतं. चार वर्षांपूर्वी आलेलं. नाळेतल्या शिरेतून बाळाच्या रक्तात सोडायचं. ते पेशींपर्यंत थांबायची आज्ञा पोचवायचं आणि काही आठवड्यांत विरून जायचं, तोवर वाहिन्या नीट घडलेल्या असायच्या. पण मेंदूच्या आतली ती नाजूक जाळी सव्वीस आठवड्यांनंतर आवरायला लागते. त्यानंतर औषध देऊन उपयोग नव्हता. म्हणजे मुदत येत्या गुरुवारपर्यंत. हातात सहा दिवस होते.

"मग द्या की," विश्वजित म्हणाला.

"जनुक मुळात चांगलं असेल आणि मी औषध दिलं, तर थांबायची आज्ञा दुप्पट होईल. वाहिन्या वाढायच्याच थांबतील. पहिल्या वर्षी दोन बाळांच्या बाबतीत असं झालं. दोन्ही जगली, पण…" डॉक्टर विश्वजितकडे वळल्या. "विश्वजित, तुमच्या रक्तातल्या पेशींपासून आम्ही काचेच्या पट्टीवर मेंदूतल्या वाहिन्यांची जाळी वाढवायला घेतली आहे. त्यातून रक्तासारखा द्रव सोडला की ती गळते की नाही ते दिसतं. त्यावरून खात्रीने कळेल. पण तिला एकोणीस दिवस लागतात."

"सहा दिवसांत कळायचा दुसरा काही मार्ग?"

"घरात हाच आजार झालेलं दुसरं कुणी हवं होतं. त्यांचं रक्त, किंवा ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा जरी कुठे जपलेला असता तरी दोन दिवसांत उत्तर मिळालं असतं. पण तुमच्याकडे तसं कुणी नाही."

उज्ज्वला उठली आणि पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेली.

*

कराडच्या मंगळवार पेठेत उज्ज्वलाचं मिरची कांडप होतं. मार्च म्हणजे ऐन हंगाम. "गिरणीवर दोन बाया एकट्या आहेत, जाऊन येते," असं सांगून ती शनिवारी सकाळच्या बसने निघाली. घरी पोचल्यावर ती गिरणीत गेलीच नाही. माळ्यावरची पत्र्याची पेटी तिने खाली काढली. वीजजोडणीच्या, परवान्याच्या जुन्या कागदांच्या तळाशी एक तपकिरी पाकीट होतं. अठ्ठावीस वर्षांत ते तिने दोनदा उघडलं होतं.

मे २०१९. मिरजेच्या दवाखान्याचा कागद. हर्षद दिलीप पिसाळ, वय दहा. मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या गुच्छातून मोठा रक्तस्राव. शस्त्रक्रिया. काढलेला भाग तपासणीसाठी पाठवला. खाली तपासणीचा क्रमांक, अकरा सत्तेचाळीस.

हर्षद घाटावर पडला हे खरं होतं, सगळ्या पेठेने बघितलं होतं. त्याला उचलून आधी कराडच्याच दवाखान्यात आणि तिथून मिरजेला नेलं हेही खरं होतं. पण दगड लागून डोकं फुटलं नव्हतं. आधी डोक्यात रक्त झालं आणि मग तो पडला. नवव्या दिवशी तो गेला तेव्हा तिथल्या एका तरुण डॉक्टरने दोघा नवरा-बायकोला बाजूला बसवून सांगितलं होतं, "हे घराण्यातून येऊ शकतं. बाकीच्या दोन मुलांची तपासणी करून घ्या."

उज्ज्वलाला तेव्हा तिची आई आठवली होती. आईला आकडी यायची. चाळिशीत चुलीपुढेच कोसळली होती.

परतीच्या वाटेवर तिचा नवरा दिलीप एवढंच म्हणाला होता, "सानिका आठ वर्षांची आहे. उद्या तिला स्थळ आलं तर लोक काय विचारतील? पडला, दगड लागला. एवढंच सांगायचं." तिने मान हलवली होती. नंतर कधी तिला कुणी ते पुन्हा सांगायची गरजही पडली नव्हती. लोक आपणहून तेच म्हणत होते.

तिने डॉ. तांबोळींना फोन लावला आणि कागद वाचून दाखवला.

"काकू, हा मुलगा विश्वजितचा तोच भाऊ का?"

"तोच. तुम्ही मिरजेहून तो तुकडा मागवून घ्या. मी सही देते. पण पोरांना सांगू नका. कुठल्यातरी दुसऱ्या पेशंटचा पुरावा मिळाला म्हणा."

"असं मला करता येणार नाही."

"डॉक्टर, माझी लेक इस्लामपूरला दिलीय. तिच्या सासरी कळलं तर तिचा संसार…"

"काकू, सुई ईश्वरीच्या पोटातून जाणार आहे. होय किंवा नाही ते तिने म्हणायचं आहे. कशाच्या जोरावर म्हणायचं ते तिच्यापासून लपवून मी तिची सही घेऊ? आणि तुमची लेक. तिला मुलं आहेत?"

उज्ज्वलाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आहेत ना?" डॉक्टरांचा आवाज बदलला. "काकू, मग तुम्ही आजच सांगा. मी मिरजेला फोन करून ठेवते."

*

तिने त्या दिवशी सांगितलं नाही. रविवारी सकाळी पुण्यात, विश्वजितच्या वारज्याच्या फ्लॅटवर पोचल्यावर तिने पाकीट जेवणाच्या टेबलावर ठेवलं. विश्वजितने कागद एकदा वाचला, पुन्हा वाचला. वाचताना त्याचे ओठ हलत होते.

"दगड लागला नव्हता?" त्याने विचारलं.

"नाही."

"पडायच्या आधीच…"

"आधीच. सकाळी उलटी झाली होती त्याला. डोकं धरून बसला होता. मीच म्हणलं, उन्हानं झालं असंल, जा पाण्यात, बरं वाटंल." उज्ज्वलाचा आवाज चिरका झाला. "मीच पाठवला तुम्हा दोघांना."

विश्वजितने कागद खाली ठेवला. ईश्वरीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी ढकललं होतं त्याला," तो म्हणाला.

"काय?"

"घाटावर. काळी ट्यूब होती, हवा भरलेली. तो देत नव्हता. मी रागानं दोन्ही हातांनी ढकललं, आणि तो पडला. उठलाच नाही. नंतर सगळे म्हणाले, पडला, दगड लागला. मला वाटलं मीच…" त्याने आईकडे बघितलं. "अठ्ठावीस वर्षं, आई. बाबा गेले तेव्हा त्यांच्या कानात सांगणार होतो. जमलं नाही. बाळ राहिलं म्हणून कळलं तेव्हा पहिला विचार मनात काय आला सांगू? की माझ्यासारख्याला बाप व्हायचा हक्क नाही."

"आरं बाळा, तू पाच वर्षांचा होतास…"

"आणि तुला माहीत होतं! तुला खरं माहीत होतं!" तो ओरडला. ईश्वरीशी लग्न होऊन चार वर्षं झाली होती, तिने त्याला असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "एकदा, एकदा जरी मला सांगितलं असतंस!"

उज्ज्वलाला त्याच्याजवळ जावंसं वाटत होतं, पण ती टेबलाच्या अलीकडेच उभी राहिली. आपण घरातल्या लेकीला वाचवत आहोत असं तिला इतकी वर्षं वाटत होतं. समोर बसलेल्या लेकाला काय होतंय हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

ईश्वरीने कागद उचलला. तिचा आवाज अगदी सरळ होता. "तो तुकडा अजून मिरजेत आहे का?"

"डॉक्टर म्हणाल्या, बघायला हवं."

"शुक्रवारी तुम्ही नाही म्हणालात, आई. दोन दिवस गेले माझे." ती थांबली. "आता आधी सानिकाताईंना फोन लावा. स्पीकरवर. मी इथं बसते."

सानिकाने सगळं ऐकून घेतलं. फोन तुटला की काय म्हणून उज्ज्वलाने दोनदा "ऐकतेस ना?" विचारलं.

"रेवाचं डोकं दुखतं," शेवटी सानिका म्हणाली. रेवा तिची सहा वर्षांची मुलगी. "डिसेंबरपासून. तीनदा शाळेतून घरी आणलीय तिला. मी तुला सांगितलं होतं. तू काय म्हणालीस आठवतं? चष्म्याचा नंबर असंल म्हणालीस."

"सानू…"

"मी तिचे डोळे तपासून आणले, आई. दोन वेळा."

तिने फोन ठेवला.

*

सोमवारी विश्वजितने गाडी काढली. आईला घेऊन तो पुण्याहून मिरजेला निघाला. कराड मागे पडताना नदीवरच्या पुलावर त्याने गाडीचा वेग कमी केला, मग पुन्हा वाढवला. उज्ज्वलाने खिडकीबाहेर बघितलं नाही.

दवाखान्याच्या विकृतिशास्त्र विभागात एक पन्नाशीच्या तंत्रज्ञ बाई त्यांची वाटच बघत होत्या. त्यांनी नोंदवही काढून ठेवली होती. "नोंद सापडली. पण एक सांगते. तुकडा काढला मे महिन्यात, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापूर आला. तळघरात छातीएवढं पाणी होतं. त्या सालातले खोके तसेच वाळवून ठेवलेत. वरच्या चिठ्ठ्या गेल्या."

"मग तुकडेही गेले असतील ना?" विश्वजितने विचारलं.

"मेणात बुडवलेला असतो हो तुकडा. मेणाला पाणी काय करतंय? फक्त कोणता कुणाचा ते शोधायचं."

खोके नऊ होते. प्रत्येकात काडेपेटीतल्या काड्यांसारख्या दाटीवाटीने प्लॅस्टिकच्या लहान चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत मेणाची पांढुरकी वडी. शाईने लिहिलेले आकडे पसरून निळे डाग झाले होते. काही चौकटींवर मात्र पेन्सिलीने लिहिलेलं होतं. "पेन्सिल टिकते," बाई म्हणाल्या. "देव करो आणि त्या दिवशी पेन्सिलवाला कुणी ड्युटीवर असो."

तिघं टेबलाभोवती बसले. साडेअकराला सुरू केलं. एकेक चौकट उचलायची, उजेडात तिरकी धरायची, आकडा वाचायचा, बाजूला ठेवायची. दुपारी दोनपर्यंत सहा खोके झाले. उज्ज्वलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते रडणं नव्हतं, डोळे शिणले होते. सातव्या खोक्यात अर्ध्याहून जास्त आकडे पुसलेले होते. विश्वजित उठून खिडकीशी गेला आणि तिथेच उभा राहिला.

"अकरा सत्तेचाळीस," उज्ज्वला म्हणाली.

तिने चौकट दोन्ही हातांत धरली होती. बाईंनी भिंग लावून आकडा नोंदवहीशी ताडून बघितला आणि मान हलवली.

मेणाच्या मधोमध मटकीच्या दाण्याएवढा तपकिरी ठिपका होता. उज्ज्वलाने तो अंगठ्याने पुसावा तसा वरून हात फिरवला. मग तिने चौकट लेकापुढे धरली. विश्वजितने ती घेतली नाही. नुसता बघत राहिला. आणि मग एकदम तिच्या खांद्यावर डोकं टेकून तो लहान मुलासारखा रडायला लागला. तंत्रज्ञ बाई उठल्या, दार लोटून घेऊन बाहेर गेल्या. आईच्या सहीचा कागद त्यांनी अर्ध्या तासाने आणला.

*

मंगळवारी पहिला प्रयत्न फसला. इतकी वर्षं मेणात आणि त्याआधी रसायनात राहिल्यामुळे पेशींमधली जनुकाची लांब साखळी तुटून तिचे बारीक बारीक कपटे झाले होते. यंत्राला त्यातून ओळच जुळवता येईना. डॉ. तांबोळींनी वडीचा आणखी एक पापुद्रा कापून घेतला. "आता एकच प्रयत्न होईल एवढा माल उरलाय," त्यांनी फोनवर सांगितलं.

त्याच दुपारी सानिकाचा नवरा निखिल, याचा विश्वजितला फोन आला. रेवाचा स्कॅन झाला होता. दोन गुच्छ होते. एक लहान, निवांत. दुसरा मागच्या बाजूला, आणि त्याच्याभोवती जुन्या रक्ताचं कडं. म्हणजे तो आधी किमान एकदा पाझरला होता. शनिवारी ऑपरेशन.

"आईला द्यायचा का फोन?" विश्वजितने विचारलं.

"नको," निखिल म्हणाला. "सानिका नको म्हणते. माझे बाबा तर कालपासून फसवणूक, फसवणूक एवढंच बोलतायत. मी त्यांना म्हणालो, आधी पोरीचं डोकं, मग तुमचं." तो थांबला. "पण दादा, आत्ता कळलं हे बरं झालं. डॉक्टर म्हणाले, तो गुच्छ उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत थांबला नसता."

उज्ज्वला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली आणि ओट्याशी उभी राहिली. गॅसवर दूध उतू गेलं तरी तिला कळलं नाही.

बुधवारचा संपूर्ण दिवस फोन आला नाही.

गुरुवारी सकाळी साडेदहाला डॉक्टरांनी तिघांना बोलावून घेतलं. टेबलावर दोन ओळी छापलेला कागद होता.

"हर्षदमध्ये तोच बदल आहे. त्याच ठिकाणी, तेच अक्षर," त्या म्हणाल्या. "आणि त्याहून महत्त्वाचं. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक बिघडली तरी दुसरी काम चालवते. हर्षदच्या त्या गुच्छातल्या पेशींमध्ये दुसरी प्रतही मोडलेली सापडली. या आजाराची हीच खूण. जन्मतः एक बिघडलेली, आणि वाढताना एखाद्या पेशीत दुसरी बिघडते. तिथून गुच्छ सुरू होतो. हा बदल निरुपद्रवी नाही, ईश्वरी. मी शंभर टक्के म्हणत नाही. काचेवरची जाळी पुरी झालेली नाही. पण कालपर्यंत मी तुम्हाला औषध घेऊ नका म्हणाले असते. आज घ्या म्हणते."

"तरी चुकलं तर?" विश्वजितने विचारलं.

"तर त्या दोन बाळांसारखं होऊ शकतं."

ईश्वरीने पोटावर हात ठेवला. ती विश्वजितकडे वळली, पण त्याने काही बोलायच्या आत तिने मान हलवली. "तू नको सांगू. तू हो म्हणालास आणि काही झालं, तर तू पुन्हा स्वतःलाच धरून बसशील. मी सांगते. द्या."

औषध द्यायच्या वेळी उज्ज्वलाला खोलीबाहेर थांबायला सांगितलं होतं. दार पुढे होताना ईश्वरी आतून म्हणाली, "त्यांना येऊ द्या."

खोली थंड होती. पडद्यावर नाळ दिसत होती, वळलेल्या दोरासारखी, आणि तिच्या आत लाल-निळा प्रवाह. सुई पांढऱ्या रेघेसारखी आत सरकत गेली. कोपऱ्यात बाळाच्या हृदयाचा आवाज येत होता. घोडा भरधाव टाकावा तसा. एकशे अठ्ठेचाळीस, एकशे पन्नास.

"शिरेत आहे," डॉक्टर म्हणाल्या. "सोडतेय."

एकशे चाळीस. एकशे दहा. आवाजातला वेग गेला. नव्वद.

"काय होतंय?" विश्वजितने विचारलं.

बहात्तर. दोन ठोक्यांच्या मध्ये आता श्वास घेता येईल एवढी जागा पडत होती. डॉक्टरांनी सुई हलवली नाही. शेजारच्या सहायिकेने ईश्वरीला डाव्या कुशीकडे किंचित कलतं केलं. ईश्वरी छताकडे बघत होती. तिचा हात हवेत काहीतरी शोधत होता आणि सर्वांत जवळ उज्ज्वला होती. सुनेची नखं तिच्या मनगटात रुतली.

अडुसष्ट. अडुसष्ट. सत्तर.

"येतंय," डॉक्टर पुटपुटल्या. "ये बाळा, ये."

ऐंशी. एकशे पाच. मग एकदम, दार उघडून कुणी धावत यावं तसे ठोके परत आले. एकशे छत्तीस. ईश्वरीने हात सोडला. उज्ज्वलाच्या मनगटावर चार लाल चंद्रकोरी उमटल्या होत्या. ईश्वरीने त्या बघितल्या.

*

एकोणीस दिवस पुरे झाले तेव्हा काचेवरची विश्वजितची जाळी गळत होती. डॉक्टरांनी त्यांना बोलावून दाखवली. हिरवा चमकता द्रव नखाएवढ्या जागेतल्या केसासारख्या वाहिन्यांतून वाहत होता आणि तीन ठिकाणी भिंतीबाहेर धुरासारखा पसरत होता. म्हणजे निर्णय बरोबर होता.

विश्वजितच्या मेंदूत एक गुच्छ सापडला, लहान. दरवर्षी स्कॅन करायचा ठरला. सानिकातही एक होता. उज्ज्वलाच्या स्वतःच्या मेंदूत अकरा निघाले.

"अकरा?" तिने विचारलं. "आणि मी एकसष्ट वर्षांची धडधाकट?"

"तुमचे का फुटले नाहीत ते आम्हाला माहीत नाही," डॉ. तांबोळी म्हणाल्या. "तुमच्यात असं काहीतरी दुसरं आहे जे पकड टिकवून ठेवतं. ते शोधायला तुमचं रक्त हवंय. द्याल?"

तिने तिथेच हात पुढे केला.

रेवाचं ऑपरेशन नीट झालं. महिनाभर चालताना ती जरा डावीकडे झुकायची, मग तेही गेलं. ही सगळी खबर उज्ज्वलाला ईश्वरीकडून कळायची. सानिकाने आईचा फोन उचलला नाही. उज्ज्वलाने इस्लामपूरला मसाल्याचा डबा पाठवला, तो परत आला नाही, पण पोचल्याचा निरोपही आला नाही.

जूनच्या मध्याला मुलगी झाली. दोन किलो सहाशे ग्रॅम. तिसऱ्या दिवशी तिला दुलईत गुंडाळून स्कॅनच्या यंत्रात ठेवलं तेव्हा ती झोपूनच होती. मेंदूतला डाव्या बाजूचा तो तिळाएवढा ठिपका होता तेवढाच होता. नवा एकही नव्हता. विश्वजितने बाळाला उचलून घेतलं आणि बराच वेळ कुणाकडे दिलं नाही.

दिवाळीनंतर उज्ज्वला चाफळ खोऱ्यातल्या आपल्या माहेरी निघाली. चुलीपुढे कोसळलेल्या आईची ती एकटीच लेक नव्हती. गावात थोरला भाऊ शंकरराव होता, त्याचे दोन मुलगे, पाच नातवंडं. विश्वजित म्हणाला, "मी येतो." ती म्हणाली, "नको. हे माझं आहे." तिने निघण्याआधी सानिकाला एक ओळ पाठवली, मामाकडे सगळं सांगायला चालले आहे म्हणून. पाटणच्या स्टँडवर बस बदलताना उत्तर आलं. आठ महिन्यांत पहिलं. 'कागद सोबत घे. नाहीतर ते म्हणतील म्हातारीला काहीतरी झालंय.' तिने ते चारदा वाचलं. कागद पिशवीत होते.

भावाच्या घरात गडबड होती. शंकररावची नात समृद्धी हिचा साखरपुडा पंधरा दिवसांवर होता. सोप्यात पत्रावळींचे गठ्ठे येऊन पडले होते. भावजयीने चहा ठेवला. उज्ज्वला म्हणाली, "दादा, सगळ्यांना बोलव. पोरांनासुद्धा. एक सांगायचंय."

शंकररावने तिच्या हातातल्या कागदांवरची दवाखान्याची अक्षरं बघितली आणि तो तिला हाताला धरून परसात घेऊन गेला. "विश्वजितच्या पोरीचं ऐकलंय मी. इस्लामपूरकडून कळलं. उज्वे, तुझ्या पाया पडतो. पंधरा दिवस थांब. साखरपुडा होऊ दे. लग्न होऊ दे. मग सांग काय सांगायचं ते."

त्याचे डोळे तिच्या ओळखीचे होते. मिरजेहून परतताना गाडीत दिलीपचेही असेच होते. दुष्टपणा नव्हता त्यात. लेकीबाळीची काळजीच होती.

"दादा, आईला आकडी यायची हे तुझ्या सुनांना ठाऊक आहे?"

शंकररावने खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं.

"मला पण सानिकाचे वडील असंच म्हणाले होते. होऊ दे म्हणून." तिने हात सोडवून घेतला. "मी गप्प राहिले. एक पोरगं मनात खून घेऊन मोठं झालं आणि एका नातीच्या डोक्यात रक्त साचत होतं तेव्हा मी तिला चष्मा लावा म्हणत होते. मी थांबणार नाही, दादा. तू रागावलास तरी."

ती सोप्यात परत आली. तिच्या आवाजामुळे सगळे आधीच गोळा झाले होते. सुना, मुलगे, आणि जिन्याच्या पायरीवर मेंदीचे नमुने मांडीवर घेऊन बसलेली समृद्धी. कुणीतरी टीव्ही बंद केला. उज्ज्वलाने कागद सतरंजीवर ठेवले.

"माझा हर्षद घाटावर पडून गेला असं मी तुम्हाला सांगितलं होतं," ती म्हणाली. "ते खोटं होतं."

दारात उभ्या राहिलेल्या शंकररावने मान खाली घातली. मग समृद्धीने मांडीवरचे कागद बाजूला ठेवले, पायरीवरून उतरून ती उज्ज्वलाच्या अगदी समोर येऊन बसली.

"सांगा, आजी," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगा."